नऊ निळे ड्रम

आमच्या सोसायटीच्या सभांच्या वहीत माझ्याबद्दल दोन ओळी आहेत. एका सभासदाने रागाच्या भरात सामूहिक पाणीसाठ्याचे नुकसान केले, त्याबद्दल सभेने नापसंती व्यक्त केली. पुढे माझं नाव आणि फ्लॅट नंबर. त्या ओळींत खोटं काहीच नाही, म्हणूनच त्या मला जास्त टोचतात. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

एक्क्याऐंशी साली मी ठाण्याला आलो. कोपरीत तिघांमध्ये एक खोली आणि वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात ड्रम धुवायचं काम. कारखान्यांतून रिकामे ड्रम यायचे, ते धुऊन पुन्हा विकायचे, एवढाच मालकाचा धंदा. त्या मालकाने मला पगार कमी दिला, पण नाक दिलं. तो सांगायचा, धुतलेल्या ड्रमवर विश्वास ठेवायचा नाही. प्लास्टिक आतलं पितं. आज धुतलं की वास जातो. मग झाकण घट्ट लावून दोन दिवस उन्हात ठेवायचा. उघडल्यावर आत काय होतं ते ड्रम स्वतः सांगतो. आणि ज्याचं लेबल कोणी खरवडलंय, तो ड्रम फुकट मिळाला तरी उचलायचा नाही. माझ्याबरोबर त्याच नळाखाली आणखी एक जण ड्रम धुवायचा. नाक दोघांना सारखंच मिळालं. पुढे त्याने कल्याणला स्वतःचा धंदा टाकला, मी डोंबिवलीच्या एमआयडीसीजवळ शेड घेतली. तो खरवडलेले ड्रमही विकायचा, मी नाही. त्यामुळे त्याचा धंदा माझ्यापेक्षा लवकर वाढला.

चौऱ्याण्णव साली मी डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरला तीन महिने घासाघीस करून रडवला आणि मग घेतला. बिल्डिंगमध्ये बँकवाले, मंत्रालयवाले, शाळामास्तर. जिन्यात भेटले की हसायचे, आणि मी वळलो की मला भंगारवाला म्हणायचे. भंगारवाल्याला लोखंड आणि पत्र्यातला फरक कळतो. यांना मी आणि भंगार यातला कळत नव्हता.

नव्याण्णव साल उजाडलं तसं सगळीकडे एकच ऐकू यायला लागलं. एकतीस डिसेंबरच्या रात्री जगातले सगळे कॉम्प्युटर तारीख चुकणार आणि बंद पडणार. आमच्या सेक्रेटरींनी ते फार मनावर घेतलं. हे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्येच होता आणि दर रविवारी फोनवर घाबरवायचा. दिवाळी झाल्यावर त्यांनी गच्चीवर सभा घेतली. वीज जाईल, पंप बंद पडतील, बँका उघडणार नाहीत, गाड्या थांबतील. चार दिवसांत लोक एकमेकांच्या घरात शिरतील. जी सोसायटी एकत्र राहील ती टिकेल. बोलताना त्यांचा आवाज थरथरत होता. माणूस मनापासून घाबरला होता, हे मी आजही नाकारत नाही.

पहिला ठराव झाला की प्रत्येक घराने आपल्याकडचे तांदूळ, डाळ, रॉकेल, सिलिंडर लिहून द्यायचे. वेळ आली तर ज्याच्याकडे नाही त्याला देता यावं. चोवीस घरांनी चोवीस कागद दिले. ते कागद वाचून कोणाला वाटलं असतं, आमच्या बिल्डिंगमध्ये दुष्काळ पडलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी तांदूळ चार किलो लिहिले. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे भर दुपारी गादीच्या खोळीत गुंडाळलेलं पोतं वर गेलं. दोघांनी धरलं होतं. गादीला दोन माणसं लागत नाहीत. मीही पाच किलो लिहिले आणि पलंगाखाली पन्नास ठेवले. पण माझ्या नाकापासून काही लपत नव्हतं. साठवणीच्या तांदळाला एरंडेल लावतात, तो वास मला चारही मजल्यांवरून जिन्यात उतरलेला यायचा. सगळे एकमेकांना भेटून म्हणायचे, आपण काय, रोजचं आणून खाणारे. आणि एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायचे.

दुसरा ठराव पाण्याचा. दोनशे लिटरचे दहा ड्रम घेऊन जिन्याखाली भरून ठेवायचे. मी उभा राहिलो.

"ड्रमचं माझ्यावर सोडा. चांगला माल आणून देतो."

सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि भाव कोण ठरवणार?"

"मीच सांगणार. पटला तर घ्या."

"म्हणजे विकणारे तुम्ही, पारखणारेही तुम्ही. आमच्या बँकेत अशाला काय म्हणायचे, ते इथे बायकामाणसांसमोर सांगत नाही."

सगळे हसले. मी बसलो. आता खरं सांगायचं तर मी फुकट देणार नव्हतो. थोडा नफा घेतला असता. नफा न घेणाऱ्या माणसाचा मला स्वतःलाच संशय येतो. पण माल मी चोख दिला असता.

डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, मी शेडवरून जेवायला घरी आलो तर जिन्याखाली दहा निळे ड्रम भरून ठेवलेले. बायकांनी प्रत्येक ड्रमला हळदकुंकू लावलं होतं. गुरुवारचा कलश मांडतात तसा पुढच्या ड्रमवर नारळ ठेवला होता, आंब्याच्या डहाळीसकट. उदबत्त्या लावल्या होत्या. उदबत्तीच्या त्या धुरात कोणालाही दुसरा कसला वास येणं शक्य नव्हतं. सेक्रेटरी हात जोडून उभे होते. मी लेबलांची जागा बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"कुठून आणले हे?"

"कल्याणहून," सेक्रेटरी म्हणाले. "धुतलेला माल आहे. तसं लिहून घेतलंय त्याच्याकडून."

कल्याणचा म्हटल्यावर मला विचारायची गरज उरली नाही.

"लिहून दिल्याने ड्रम स्वच्छ होत नाही. लेबल बघा, खरवडलंय."

"जुनं लेबल माणूस काढणारच ना?"

"काढायचं असतं तर गरम पाण्याने निघतं. हे पत्र्याने खरवडलंय. आत काय होतं ते कोणाला वाचता येऊ नये म्हणून. ओता हे पाणी. प्यायला नका ठेवू."

"तुमचा सौदा हुकला. समजू शकतो आम्ही."

मागून मास्तर म्हणाले, "अहो, तोंड गोड करा त्यांचं. प्रसाद द्या."

पुन्हा सगळे हसले. भरलेला ड्रम लाथेने हलत नाही. त्याला काठाला धरून कलता करायचा, मग तो आपल्या वजनाने जातो. हे मला झोपेतही जमतं. पुढचाच ड्रम मी धरला. झाकणाची रिंग अजून कसलेली नव्हती. दोनशे लिटर पाणी, नारळ, डहाळी, हळदकुंकू सगळं बायकांच्या पायांवरून अंगणात गेलं. एका म्हातारबाईंनी खाली वाकून नारळ उचलला आणि पदराने पुसला. माझ्या बायकोने माझा दंड धरून मला घरात नेलं.

"मी खोटं बोललो का?" मी विचारलं.

"खरं बोललात. पण तुमचं खरंसुद्धा अंगावर येतं. कोण ऐकेल?"

संध्याकाळपर्यंत उरलेल्या नऊ ड्रमांच्या रिंगा कसल्या गेल्या. प्रत्येक झाकणावर सेक्रेटरींच्या सहीची कागदी पट्टी चिकटली. ड्रमांना माझ्यापासून धोका होता म्हणे. आडवा पडलेला ड्रम कोणाला नको होता. मी तो उचलला, पुसला, झाकण घट्ट लावलं आणि आमच्या मागच्या दाराशी उन्हात ठेवला.

शनिवारी दुपारी मागचं दार वाजलं. सेक्रेटरींच्या पत्नी होत्या. त्यांना सगळी बिल्डिंग काकू म्हणायची, मीही. त्या याआधी कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. त्यांची मुलगी कल्याणहून पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा लागलेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख होती.

"बसत नाही," काकू म्हणाल्या. "एक विचारते, रागावू नका. तुमचा धंदा गेला म्हणून बोललात, की खरंच पाण्यात काही आहे?"

"दोन्ही," मी म्हणालो. "राग धंद्याचा होता. पण पाणी वाईट आहे."

"ह्यांनी एक ड्रम पोरीच्या नावाने बाजूला ठेवलाय. नळ गेले तर बाळ-बाळंतिणीला त्यातलंच पाणी, उकळून."

"उकळून ते जात नाही, काकू."

मी त्यांना उन्हातल्या ड्रमाशी नेलं आणि रिंग सोडून झाकण उचललं. वाकायची गरज पडली नाही. औषधफवारणी आणि रंगाचं दुकान यांच्या मधला एक वास असतो, तो भपकन वर आला. काकूंनी पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरल्या.

"आता ह्यांना इथे घेऊन या," मी म्हणालो.

"येणार नाहीत. तुमच्या दाराशी तर नाहीच. आणि आले तरी म्हणतील, तुम्हीच आत काहीतरी ओतलंत."

हे खरं होतं. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं.

"मग तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर दहा दिवस अबोला धरतील आणि पाणी तिथेच राहील. माझ्याकडे दहा दिवस नाहीत." त्यांनी पुन्हा ड्रमाकडे पाहिलं. "तुमच्याकडे चांगले ड्रम आहेत का हो? नऊ?"

होते, तसेच निळे. एका लोणच्याच्या कारखान्यातले, कैऱ्या खारवून ठेवायचे. माझ्या शेडमधला सगळ्यात चांगला माल तो, कारण खाण्याच्या वस्तूचा ड्रम सहज मिळत नाही. काकूंना मी तसं सांगितलं.

"ते इथे आणा आणि हे घेऊन जा. ह्यांना कळता कामा नये. कोणालाच नाही."

"आणि माझं काय? सगळी बिल्डिंग मला नारळ लाथाडणारा म्हणतेय."

"एकतीस तारीख जाऊ दे. पोर सुटू दे. मग बोलते मी."

"सभेत बोलाल?"

"बघू."

आयुष्यभर सौदे केलेल्या माणसाला बघू म्हणजे काय ते कळतं. मी कोणाला 'बघू'वर एक झाकण दिलं नसतं. पण त्या तशाच उभ्या होत्या, पदर अजून नाकाशी धरलेला, आणि मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की मी होऊन कधी सांगणार नाही. मी दिला. त्यांच्याकडून मी काहीच घेतलं नाही. असा सौदा मी त्याआधी केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी ठाण्याला गेले. बँका बंद पडायच्या आत पैसे काढायचे होते आणि तिथे दिवसभर रांग असायची. बाकीचे पुरुष कामावर. अकराला माझा टेम्पो आला. काकूंनी खालच्या दोन मजल्यांवरच्या चार जणींना बोलावलं होतं. काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण कोणी प्रश्न विचारला नाही. आम्ही जुनं पाणी गटारात सोडलं, माझे ड्रम जिन्याखाली लावले आणि पाइप लावून भरले. एकीने आत नाक घालून म्हटलं, "अगं, हिंगाचा वास येतोय."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "खाण्याचा आहे."

मग हळदकुंकू पहिलं होतं तिथेच लागलं. काकूंनी वाटीत कणकेची खळ आणली होती आणि कागदाच्या नऊ पट्ट्या. मी म्हटलं, "आणि सही?"

"पंधरा वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर ह्यांची सही कोण करत होतं?" असं म्हणून त्यांनी पायरीवर बसून नऊ सह्या ठोकल्या. एकसारख्या.

खराब ड्रम शेडवर गेल्या गेल्या मी करवतीने आडवे कापले, उन्हातला दहावाही. असा ड्रम सबंध ठेवला की तो फिरून कोणाच्या तरी घरात पाण्याला जातो, म्हणून माझा तो नियम आहे. त्या दिवशी नियम मोडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे दाखवायला काहीतरी राहिलं असतं.

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय यायला लागला. चार बायकांना माहीत होतं. चार बायकांनी चार नवऱ्यांना सांगितलं नसेल, यावर मी कसा विश्वास ठेवू? एकदा जिन्यात मास्तरांनी विचारलं, "दुपारी टेम्पो आलेला म्हणे?"

"ड्रमवाल्याकडे टेम्पो येणारच."

"ते आहेच," ते म्हणाले आणि हसत वर गेले. हसण्यात काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझा अंदाज असा, की अर्ध्या बिल्डिंगला कळलं होतं आणि त्यांना न कळलेलं बरं वाटत होतं. कळलं म्हटलं असतं तर माझी माफी मागावी लागली असती.

एकतीस तारखेला पुरुषमंडळी ड्रमांभोवती खुर्च्या टाकून बसली. बारा वाजले, दिवे गेले नाहीत. सकाळी नळाला पाणी आलं, नेहमीपेक्षा जोरात आलं. चार दिवसांनी काकूंच्या मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. मी माझ्या बायकोच्या हाती झबलं पाठवलं.

सभा पुढच्या रविवारी झाली. सेक्रेटरी म्हणाले, कसोटीची वेळ आली नाही, पण आपण तयार होतो, आपण एक होतो. टाळ्या झाल्या. मग माझा विषय निघाला. माफी मागावी अशी सूचना आली. मी म्हणालो, मागणार नाही. तेव्हा नापसंतीचा ठराव झाला. मी काकूंकडे बघत होतो. बायकांच्या रांगेत त्या बाळाचं टोपडं विणत बसल्या होत्या. सुया थांबल्या नाहीत. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. काकूंच्या हातात सुया होत्या, त्यामुळे त्यांचा हात वर गेला की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी नीट पाहिलं, तरी सांगता येणार नाही.

मग शेवटचा विषय. सेक्रेटरींनी घेतानाच अट घातली होती की जानेवारीत कल्याणवाला ड्रम ठरलेल्या किमतीत परत घेईल. तो उद्या येतोय. हे मला नवीन होतं. काकूंना नवीन होतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. घरातल्या घरात अशी अट त्यांना माहीत नसेल? पण विचारणार कोणाला?

मी पुन्हा उभा राहिलो. "ड्रम परत देऊ नका. ठेवा सोसायटीत. उन्हाळ्यात पाणी जातंच आपलं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "म्हणजे आता ड्रम चांगले झाले?"

इतकी हसलेली सभा मी पुन्हा पाहिली नाही. मीच शब्द दिला होता, म्हणून मीच खाली बसलो. घशापर्यंत आलेलं परत गिळणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं, आणि ते अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कल्याणचा टेम्पो आला. मी शेडवर गेलो नाही, मागच्या दाराशी उभा राहिलो. बारा वर्षांनी त्याला बघत होतो. पोट सुटलेलं, बोटांत दोन अंगठ्या. सेक्रेटरी हातात करारनाम्याचा कागद घेऊन उभे होते. पाणी सोडायला त्याने पहिल्या ड्रमची रिंग काढली, झाकण उचललं आणि थांबला. मग वाकून डोकं आत घातलं. दुसरा उघडला. तिसरा उघडताना त्याने मान वर केली आणि अंगणापलीकडे मला पाहिलं.

नाक आम्हाला एकाच माणसाने दिलं होतं. त्याला सगळं कळलं. माल त्याचा नाही हे कळलं, कोणाचा ते कळलं, आणि का बदलला तेही कळलं. मी बोललो नाही, यावरून मी बोलू शकत नाही हेही त्याला कळलं असणार.

"काय, माल ठीक आहे ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वापरलाय जरा, साहेब," तो म्हणाला. "पण घेतो. बोललो ते बोललो."

एका ओरखड्यासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी त्याने ठरलेली रक्कम ताबडतोब काढून दिली आणि पोरांना ओरडायला लागला, लवकर चढवा, लवकर. सेक्रेटरी माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "याला म्हणतात सचोटी."

वर गॅलरीत काकू बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं. ड्रम, टेम्पो, तो, मी, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. मी मान वर करून बघत राहिलो. त्यांनी एक शब्द टाकला असता तरी पुरला असता, नाहीतर नुसती मान हलवली असती तरी. त्यांनी एक दुपटं दोनदा झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला आणि आत गेल्या. आत पोर रडत होतं, ते मलाही ऐकू येत होतं.

टेम्पो फाटकातून निघाला तेव्हा त्याने खिडकीतून मला हात केला. मी केला नाही.